सेल मारण्याआधी बोनेट उघडा! गाडीची ही तपासणी घरच्या घरी होते

सातारा : पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर चारचाकी ही आता नुसती हौसेची वस्तू राहिलेली नाही. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं झालं, तर १०८ येईपर्यंत शेजाऱ्याची ओम्नी किंवा बोलेरोच बाहेर निघते. तीच गाडी घाटात, मोबाईलला रेंज नसलेल्या ठिकाणी बंद पडली तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

तरीही सर्व्हिसिंग पुढं ढकललं जातं. ‘चालतेय ना, मग कशाला?’ गाडी मात्र सहसा एकाएकी बसत नाही, आधी काही दिवस खुणा दाखवत असते. त्या ओळखायला मेकॅनिक लागत नाही. एक जुनं फडकं आणि सकाळी इंजिन थंड असतानाची पाच-सात मिनिटं पुरतात.

ऑइलची काडी आणि कूलंट

गाडी सपाट जागेवर उभी करावी. ऑइलची काडी बाहेर काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि परत काढून बघायची. काडीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मधे पाहिजे. खालच्या खुणेच्याही खाली गेलं असेल तर गाडी तशी पळवू नये. वरच्या खुणेच्या वर भरणंही चुकीचंच, जास्त ऑइलनं सील गळायला लागतात. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याला घाबरायचं कारण नाही. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र ऑइलमध्ये पाणी मिसळतंय, गाडी थेट मेकॅनिककडे.

कूलंटची पारदर्शक टाकी बोनेट उघडल्यावर समोरच दिसते. पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ यांच्या मधे हवी. आपल्याकडे बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. त्या पाण्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरमध्ये बसतो, गाडी गरम व्हायला लागते, मग हेड गॅसकेट जातं आणि इंजिनचं काम निघतं. वाटेत अडचणीला साधं पाणी चालेल, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावं. दर आठवड्याला पातळी उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे, नुसतं भरत राहून उपयोग नाही. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आतलं उकळतं पाणी दाबानं थेट तोंडावर येतं.

घाट उतरणाऱ्यांनी हे आधी वाचावं

पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली, यातला एक तरी घाट इथल्या चालकांच्या रोजच्या वाटेवर असतो. त्यामुळे ब्रेक ऑइलची डबी रोज नाही तरी आठवड्यातून एकदा बघायलाच हवी. पातळी उतरली म्हणजे ब्रेक पॅड झिजलेत किंवा ऑइल गळतंय. डबीच्या झाकणावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ लिहिलेलं असतं, तेच ऑइल वापरायचं. तिथं इंजिन ऑइल ओतलं तर आतले रबर फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. निघण्याआधी पेडल दाबून बघावं. स्पंजासारखं मऊ लागलं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं, तर त्या दिवशी प्रवास नको.

डिझेल वाचावं म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे, काही तर इंजिनच बंद करणारे चालक अजून आहेत. इंजिन बंद झालं की दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, पॉवर स्टीअरिंगही जड होतं. शिवाय आजच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला जाणारं इंधन आपोआप तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये उलट ते जळतच राहतं. म्हणजे बचतही होत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. जळका वास आला तर बाजूला थांबून चाकं आपोआप थंड होऊ द्यावीत, पाणी मारू नये.

टायर गोटा झालाय का?

हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीसाठी आकडा बहुधा वेगळा असतो, तो बघूनच पंक्चरवाल्याला सांगावा. हवा टायर थंड असताना मोजावी. टायरच्या खाचांत टीडब्ल्यूआय नावाचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरवर उतरली, की टायर बदलायची वेळ झाली. पावसाळ्यात त्याआधीच बदललेला बरा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते, मधला भाग झिजला तर जास्त. एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट करून घ्यावी. बाजूला फुगा आलेला टायर मात्र एक दिवसही चालवू नये. टायरवरचे चार आकडे त्याचं वय सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. जुने टायर विकत घेणाऱ्यांनी एवढं तरी वाचून घ्यावं.

बाकीचं पटकन होतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी दिसली तर इंजिन बंद करून, आधी वजा टोक सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसावं. गोठ्याशेजारी उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, बोनेट उघडल्यावर तिथंही नजर टाकावी. दिवे भिंतीसमोर उभं राहून तपासता येतात.

चालताना डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या गावात बघू’ म्हणायचं नाही. गाडी सुरक्षित जागी घेऊन लगेच इंजिन बंद करायचं.

स्टेपनीची हवाही महिन्यातून एकदा मोजावी. जॅक आणि पाना डिकीतच आहेत का, की मागच्या वेळी कुणी नेले ते परत आलेच नाहीत, हेही बघून घ्यावं.