चाल कोणाची?

मैत्रिणींनो, गाणं आवडलं की आपण काय विचारतो? "कोणी गायलं?" फार तर, "कोणी लिहिलं?" पण "याला चाल कोणी लावली?" असं शेवटचं कधी विचारलं, आठवतं का?

खरं तर आपण झाडीपट्टीच्या बाया. नाटकाला संगीत कशाला लागतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. धान निघालं, मंडई भरली की सिंदेवाहीपासून नवरगाव-वडशापर्यंत रात्रभर नाटकं रंगतात. शाल पांघरून, लेकरू मांडीवर घेऊन आपण पहाटेपर्यंत बसतो. नट-नट्यांची नावं पाठ असतात. पण चाल बांधणारा माणूस? तो आपल्या लक्षातच येत नाही.

म्हणून आज आपल्या विदर्भातल्याच एका चाल बांधणाऱ्याबद्दल लिहिते. आनंद मोडक. जन्म १९५१, अकोल्याचा. पुढे पुण्यात बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी नाटक आणि सिनेमा, दोन्हींना संगीत दिलं. २०१४ मध्ये ते गेले.

१९७४ मध्ये सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं. त्यात मेलेला माणूसच, भाऊराव, कीर्तनकारासारखा उभा राहून आपल्या मरणाची कथा सांगतो! आता यासाठी कीर्तनाचीच चाल हवी. ऐकणाऱ्याला देऊळ आठवलं पाहिजे आणि त्याच वेळी हसूही आलं पाहिजे. मोडकांनी नेमकं हेच साधलं. मरणाच्या घरात आपण कर्मकांडाची किती धांदल करतो, हे त्या सुरांतूनच कळतं.

सिनेमात काम वेगळं. १९९१ च्या 'चौकट राजा'त दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला नंदू, अंगानं वाढलेला पण मनानं लहान राहिलेला. त्याच्यासाठी चाल बांधायची तर ती लेकरासारखी साधी हवी. फार कसरती केल्या तर नंदू हरवून जाईल. आणि पुढच्याच वर्षी आलेल्या 'एक होता विदूषक'मध्ये तमाशाच्या फडाची गोष्ट. तिथं ठसकेबाज लावणी! म्हणजे चाल ही ज्याच्या तोंडी आहे त्याच्या मापाची लागते. ब्लाऊज शिवणारीला हे लगेच पटेल. एकीचं माप दुसरीला चालत नाही.

२००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तुमच्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिला असेल. संगीत मोडकांचंच. दादासाहेब फाळक्यांनी पहिला सिनेमा कसा काढला, त्याची ही गोष्ट. सिनेमा दादासाहेबांच्या नावानं ओळखला गेला, ते बरोबरच आहे. पण फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत सरस्वतीबाई राबल्या होत्या. त्यांचं नाव किती जणींना माहीत आहे?

हे सगळं मला का सुचलं, ते सांगते. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. महिला भजन मंडळात झांजा वाजवतात. नवं भजन हाती आलं की भाकरी थापता थापता गुणगुणतात आणि संध्याकाळपर्यंत चाल तयार. पण कार्यक्रमात माईकवर नाव पुकारलं जातं ते पेटी वाजवणाऱ्याचं. मी काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "नाव कायले पायजे बाई? देवानं आयकलं, झालं."

देवानं ऐकलं, पण लोकांनीही ऐकायला नको का?

कोणी म्हणेल, काकू तर सिनेमाच्या गाण्यावरच भजन बसवतात, त्यात काय मोठं? तर ऐका. १७२८ मध्ये लंडनला जॉन गे यांचं 'बेगर्स ऑपेरा' हे नाटक रंगभूमीवर आलं. त्यातली बहुतेक गाणी लोकांच्या ओठावर असलेल्या चालींवरच रचलेली होती. शब्द नवे, चाल ओळखीची. ते नाटक तुफान चाललं. दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, जर्मनीत ब्रेख्त यांनी त्यावरून आपलं नाटक केलं आणि कुर्ट वाइल यांनी त्याला संगीत दिलं. त्यावरूनच पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ मध्ये मराठीत आलं. म्हणजे कोणते शब्द कोणत्या चालीवर बसतील हे ओळखणं, हीसुद्धा विद्याच आहे.

आणि काकू काही फक्त उसन्या चालींवर थांबत नाहीत. रोवण्याच्या वेळी बांधीत ऐकलेल्या गाण्यांचे सूर त्यांच्या भजनात हळूच डोकावतात. ही गाणी कोणी रचली, कोणी लिहून ठेवलं नाही. आपल्या आज्या-पणज्याच असतील. त्यांची नावं गेली ती गेलीच.

यापुढची तरी जाऊ नयेत. तुमच्या मंडळातही अशी एक काकू, एक वहिनी असेलच. तिची चाल मोबाइलवर टिपून घ्या. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर गायिका, पेटी, तबला यांच्या खाली एक ओळ वाढवा: 'चाल' आणि तिच्यापुढे तिचं पूर्ण नाव. छापायला एका ओळीचीच तर जागा लागते!