भुंगेरे, लांब शृंगिकांचे : नावांतील दुरुस्त्या

कीटक वर्गाच्या ढालपंखी गणातील सेरँबिसिडी कुलात या भुंगेऱ्यांचा समावेश होतो. बऱ्याच जातींत शृंगिका शरीरापेक्षा लांब असतात. अळ्या लाकूड पोखरतात.

आंब्याच्या खोडाला लागणारी भिरूड ही कीड याच कुलातील होय. कार्ल द गीर यांनी १७७५ मध्ये तिचे वर्णन सेरँबिक्स रूफोमॅक्युलेटस या नावाने केले. पुढे ही जाती बॅटोसेरा प्रजातीत घालण्यात आली. हे प्रजातिनाम स्त्रीलिंगी असल्यामुळे जातिनाम रूफोमॅक्युलेटा असे झाले. प्रजाती बदलल्याची खूण म्हणून मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात देतात.

एकाच प्रजातीला दोन नावे मिळाली असल्यास सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरतात. सागाच्या कोवळ्या खोडावर गाठी आणणारा भुंगेरा पूर्वी डायहॅमस सर्व्हायनस या नावाने ओळखला जाई. मात्र ॲकॅलोलेप्टा (१८५८) हे प्रजातिनाम डायहॅमसपेक्षा (१८६४) जुने असल्याने त्याला आता ॲकॅलोलेप्टा सर्व्हायना म्हणतात.

ॲनोप्लोफोरा या आशियाई प्रजातीची फेरतपासणी लिंगाफेल्टर व होबेके यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. पिवळसर ठिपक्यांमुळे वेगळी मानलेली ॲ. नोबिलिस ही जाती तीत पांढऱ्या ठिपक्यांच्या ॲ. ग्लॅब्रिपेनिसमध्येच समाविष्ट झाली. ही कीड १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथील झाडांवर आढळली होती.

अशा दुरुस्त्यांना व्यावहारिक महत्त्व आहे. किडीचा जीवनक्रम व तिच्यावरील उपाय यांची जुनी माहिती जुन्या नावाखालीच नोंदलेली असते. दोन्ही नावे एकाच किडीची आहेत हे माहीत नसल्यास ती माहिती हाती लागत नाही.