शुगरच्या पट्टीवरची काळी रेघ म्हणजे छापलेलं सर्किट

घरात कुणाला शुगर असेल तर ती पट्टी ओळखीची असते. डबीतून काढायची, मशीनमध्ये खोचायची, बोट टोचून रक्ताचा थेंब लावायचा. बऱ्याच कंपन्यांच्या पट्टीवर नीट पाहिलं तर काळसर रेघा दिसतात. ती नक्षी नव्हे, ते सर्किट आहे आणि ते चक्क छापलेलं असतं.

छापण्याची रीत आपल्या लग्नपत्रिका छापणाऱ्यांचीच, स्क्रीन प्रिंटिंगची. ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, वरून रबरी पट्टीने ओढायचं. फरक शाईत आहे. तिच्यात ग्रॅफाइट आणि कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळीच, बारीक करून घातलेली असते. कागदाच्या जागी लवचिक प्लॅस्टिक. शाई वाळली की कण एकमेकांना टेकतात आणि त्यातून वीज वाहते. वर एन्झाइमचा थर देतात. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते, सुटलेले इलेक्ट्रॉन रेघेतून मशीनकडे जातात. करंट जास्त म्हणजे साखर जास्त. या पद्धतीचं पहिलं घरगुती यंत्र, 'एक्झाटेक', १९८७ मध्ये पेनच्या आकारात बाजारात आलं.

कार्बनच का? हिशोब सरळ आहे. चांदीतून वीज कितीतरी सहज वाहते, पण एकदा वापरून फेकायच्या वस्तूला चांदी परवडत नाही. शिवाय कार्बन गंजत नाही. काही कंपन्या सोनं किंवा पॅलेडियमचा पातळ थरही वापरतात, तो भाग वेगळा.

आता याच शाईत ग्रॅफिन घालण्याचं काम चाललंय. ग्रॅफिन म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला, २०१० मध्ये नोबेल मिळालं. मात्र शाईत त्याचे तुकडे होतात आणि विजेला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. त्यामुळे अखंड पापुद्र्याचे अचाट आकडे छापील रेघेला लागू पडत नाहीत. बातम्या वाचताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्या कामाची गोष्ट मात्र डबीत आहे. दमट हवेने कार्बनला फारसं काही होत नाही, बिघडतं ते एन्झाइम. म्हणून डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो. पट्ट्या महाग, म्हणून अर्ध्या कागदाच्या पुडीत बांधून गावी आईला पाठवायच्या, असं कुणी करत असेल तर थांबवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुडीतली पट्टी चुकीचा आकडा दाखवू शकते, आणि इन्सुलिनचा डोस त्या आकड्यावर ठरत असतो. दोन घरांसाठी पंचवीसच्या दोन सीलबंद डब्या घ्या.