पुनर्वाचनातील वर्तमानकाळ

किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीतील अनपेक्षित शेवट ही निव्वळ क्लृप्ती, असे आपण सहज मानतो. रॉबर्ट कॉर्मियर या अमेरिकन लेखकाची ‘आय अ‍ॅम द चीज’ (१९७७) वाचल्यावर हे मत बदलावे लागते. अ‍ॅडम फार्मर हा मुलगा मॅसॅच्युसेट्समधील मॉन्युमेंटहून व्हरमाँटमधील रटरबर्गकडे वडिलांना भेटावयास सायकलवरून निघाला आहे. हा प्रवास तो स्वतः वर्तमानकाळात सांगतो. मधूनमधून ध्वनिमुद्रित प्रश्नोत्तरे येतात. पत्रकार वडिलांनी दिलेल्या साक्षीमुळे कुटुंबाला नाव बदलून राहावे लागले, हे त्यांतून उलगडते. अखेरीस कळते की, सायकल एका रुग्णालयाच्या आवारातच फिरत होती. वाटेत भेटलेली माणसे तेथलीच, आणि भेटावयास वडील उरलेलेच नाहीत. (शीर्षक ज्या बालगीतावरून घेतले आहे, त्यातही शेवटी चीज एकटेच उरते.) शेवटच्या प्रकरणात अ‍ॅडम पुन्हा निघतो.

पुन्हा वाचताना घटना त्याच राहतात, क्रियापदाचा अर्थ मात्र पालटतो. जो वर्तमानकाळ आपण एका सकाळचा समजलो, तो नित्याचा ठरतो. अनुवादकाची कसोटी येथेच लागते. मराठीत ‘सायकल चालवीत आहे’ म्हटले की चालू क्षण दिसतो; ‘सायकल चालवतो’ म्हटले की नित्यक्रमाची छटा येते. दुसरे रूप कथेच्या सत्याला अधिक जवळचे खरे. परंतु ते पहिल्याच पानावर गुपित फोडील. प्रस्तुत लेखकाचा कौल पहिल्या रूपालाच आहे. अ‍ॅडमलाही आपण आजच, प्रथमच निघालो आहोत असेच वाटत असते.