निवड यादीबाहेरचं आयुष्य

‘अजून थोडे कष्ट घेतले असते तर नोकरीला लागला असता.’

वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीत हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, तेरवीच्या जेवणातही कुणीतरी ते बोलून मोकळं होतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण हिशेब साफ चुकीचा असतो. तो चुकीचा हिशेब वर्षानुवर्षं पोरापोरींच्या माथी मारला जातो, आणि आता ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. म्हणून एकदा बेरीज-वजाबाकी करूनच टाकू.

२०२४ साली राज्यात पोलीस भरती झाली. जागा होत्या १७,४७१ आणि अर्ज आले सुमारे १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे शंभरावर अर्ज. काहींनी दोन-दोन पदांसाठी अर्ज भरले असतील. तेही वजा करा, चित्र फारसं बदलत नाही. आता समजा, या सगळ्यांनी दुप्पट कष्ट केले. एकूणएक जण पहाटे चारला उठले, रात्री बारापर्यंत वाचत बसले. निवड किती जणांची होणार? १७,४७१ जणांची. अकोल्याच्या एसटीसाठी सगळं गाव पहाटेच स्टँडवर येऊन उभं राहिलं, म्हणून गाडीतल्या सीटा वाढत नाहीत. आधी येणाऱ्याला जागा मिळते हे खरं, पण उभं राहावं लागलेला प्रत्येक जण आळशी होता, असं कुणी म्हणत नाही. भरतीच्या बाबतीत मात्र आपण खुशाल तसं म्हणतो.

यावर लगेच उलटा प्रश्न येतो, ‘मग काय, पोरांनी कष्टच करू नयेत?’ असं कोण म्हणतंय? कष्टाने शक्यता वाढते, हमी मिळत नाही. एवढी साधी गोष्ट गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच्या सोयाबीनबद्दल कळते. पोराच्या परीक्षेबद्दल कळत नाही.

मालेगाव रोडने पहाटे पळणारी पोरं पाहा. पुरुषांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर पळायचं असतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पोचलं की २० पैकी २० गुण. एकाच्या हातात मोबाइलचं घड्याळ, बाकीचे डांबराच्या कडेने पळतात, ट्रक आला की मुरमावर उतरतात. सुरुवातीला साडेसात मिनिटं घेणारा पोरगा काही महिन्यांनी साडेपाचवर येतो. त्याचं हृदय, फुप्फुसं, पाय, सगळं बदललेलं असतं. ही त्याची स्वतःची कमाई. यादीत नाव आलं नाही म्हणून ती रद्द होत नाही. पण स्टँडवरच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तिला जागा नाही, आणि फ्लेक्सवर जे नाही ते झालंच नाही, असं आपण धरून चाललो आहोत.

गुणांची तरी काय पवित्रता सांगावी! २०२३च्या तलाठी भरतीत सामान्यीकरणाच्या सूत्रामुळे २०० पैकी २१४ गुण दिसले होते. वेगवेगळ्या पाळ्यांतल्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी जुळवायला असं सूत्र लागतं, त्यात चूक काही नाही. पण ज्या आकड्याला स्वतःची मर्यादा पाळता येत नाही, तो माणसाची लायकी काय मोजणार?

कष्ट केले की लागतोच, या गैरसमजाची खरी किंमत पोळ्याला दिसते. पुण्याला किंवा अकोल्याला अभ्यासाला गेलेली पोरं सणाला घरी येईनाशी होतात. सुट्टी नसते असं नाही. स्टँडवर उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत ‘मंग, लागला का बापू कुठी?’ हा प्रश्न किती जण विचारणार, याचा त्यांनी आधीच अंदाज घेतलेला असतो. आईला फोनवर ‘टेस्ट सिरीज आहे’ सांगितलं की विषय मिटतो. मग पुढच्या सणालाही टेस्ट सिरीज असते.

हे हळवेपण वाटत असेल, तर हार्वर्डचा प्रौढ-विकास अभ्यास पाहा. १९३८ साली सुरू झालेल्या या अभ्यासात ७२४ पुरुषांचं आयुष्य टिपलं गेलं. काही विद्यापीठातले, काही बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतले. पुढे त्यांच्या बायका-मुलंही त्यात आली. सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांवरून ऐंशीतली तब्येत जास्त नीट ओळखता आली. माणसं सगळी अमेरिकेतली, त्यामुळे जसंच्या तसं इथे लावू नये, ही शंका रास्त आहे. पण आपल्या माणसांशिवाय मेडशीतला माणूस जास्त निरोगी राहतो, असं समजायला तरी काय आधार आहे?

‘आधी यश मिळव, सुख मागून येईलच’ ही याच समजुतीची धाकटी बहीण. ल्युबोमिर्स्की, किंग आणि डीनर यांनी २००५ साली २२५ शोधनिबंध एकत्र तपासले. यशाने आनंद मिळतोच, पण आनंदी माणसं पुढे कामात, नात्यांत आणि तब्येतीत जास्त यशस्वी होतात, असंही त्यांना आढळलं. म्हणजे पोरांची तीन-चार वर्षं रडवून काढणं ही यशाची पूर्वअट नाही.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज. तो बहुधा पोट भरलेल्यांकडून येतो: ‘पैशात काय ठेवलंय, समाधान हवं.’ २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधान पॅकेज द्यावं लागलं, त्यात वाशीम होता. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, आणि बाजारात भाव त्याखाली. अशा वेळी शेतकऱ्याला समाधानाचं प्रवचन देणं हा चक्क उद्धटपणा आहे. ठरावीक उत्पन्नानंतर आनंद वाढत नाही, असा २०१०च्या अमेरिकी संशोधनाचा दाखला अजून दिला जातो. पण ते करणारे डॅनियल कानमन यांनीच २०२३ साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासोबत आकडे पुन्हा तपासले. बहुतेकांचा आनंद उत्पन्नासोबत वाढतच जातो. थांबतो तो मुळात फार दुःखी असलेल्या गटाचा. तेव्हा चांगल्या आयुष्याच्या मोजमापात पैसा धरायलाच हवा. फक्त बाजूला झोप, तब्येत, डोक्यावरचं कर्ज आणि रात्री दोनला हाक मारली तर येणारी माणसंही धरा. यात कुणाचा नंबर वर गेला म्हणून दुसऱ्याचा खाली जात नाही.

उरलेले किरकोळ गैरसमज.

‘स्पर्धा नसेल तर शाळेचा दर्जा घसरतो.’ फिनलंडमध्ये शालेय शिक्षणाच्या शेवटीच एकदा राष्ट्रीय परीक्षा असते. तिथल्या शाळांना दर्जाहीन कुणी म्हणत नाही.

‘आनंददायी शनिवार म्हणजे अभ्यासाला दांडी.’ पहिली ते आठवीसाठी २०२४ साली राज्य शासनानेच काढलेला उपक्रम आहे तो. शाळेत खरंच होतो का, हे विचारा.

‘जास्त तास राबणारा पुढे जातो.’ जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. तुलना ३५ ते ४० तासवाल्यांशी आहे.

‘डिप्रेशन वगैरे शहरातले चोचले.’ मग २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प कशाला सुरू करावा लागला? झोप उडाली असेल, जगण्यात रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लागला का, असं तिथे कुणी विचारत नाही.