बृहत् आराखडा : नकाशावरचे बिंदू आणि गोंडवाना विद्यापीठ

महाराष्ट्रातील प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाला दर पाच वर्षांनी आपल्या कार्यक्षेत्राचा बृहत् आराखडा करावा लागतो. नवे महाविद्यालय कोणत्या गावी हवे, तिथे कोणती विद्याशाखा असावी, चालू महाविद्यालयांत कशाची भर घालावी, हे त्यात ठरते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातही ही तरतूद होती. तेव्हा हे काम महाविद्यालये व विद्यापीठ विकास मंडळाकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘बीसीयूडी’कडे असे. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने ते मंडळ मोडीत काढले आणि आराखड्याची जबाबदारी अधिष्ठाता मंडळावर टाकली. हेतू मात्र तोच राहिला : उच्च शिक्षणाच्या सोयी सर्वत्र न्याय्य प्रमाणात पोचाव्यात आणि जिथे काहीच नाही त्या मागास भागाचा विचार आधी व्हावा.

मसुदा करताना तालुकावार माहिती गोळा होते. बारावी उत्तीर्ण होणारी मुले किती, जवळची महाविद्यालये कोणती, त्यांची प्रवेशक्षमता किती, गेल्या काही वर्षांत किती जागा रिकाम्या राहिल्या, रस्ता आणि एसटी कुठवर जाते, या सगळ्यांवरून नव्या महाविद्यालयांचे ‘स्थळबिंदू’ ठरतात. अधिष्ठाता मंडळाचा मसुदा विद्या परिषदेत जातो, व्यवस्थापन परिषदेमार्फत अधिसभेपुढे येतो आणि शेवटी महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाच्या, म्हणजे ‘माहेड’च्या मान्यतेसाठी मुंबईला जातो. या आयोगाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ या पाच वर्षांचा. त्याआधीचा २०१९ ते २०२४ चा होता.

पाच वर्षांच्या आराखड्यातून दरवर्षीची वार्षिक योजना काढली जाते. तिच्यातील बिंदूंसाठी शिक्षणसंस्थांकडून अर्ज मागवले जातात. विद्यापीठ छाननी करते, शासन इरादापत्र देते, संस्थेने जागा, इमारत आणि निधीची पूर्तता दाखवली की अंतिम मान्यता मिळते आणि मग विद्यापीठाची संलग्नता. आराखड्यात बिंदू नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून मसुदा तयार होत असताना संस्थाचालकांची विद्यापीठात वर्दळ वाढते, आणि ज्या तालुक्यात आधीच निम्मे बाक रिकामे आहेत तिथेही नवा बिंदू मागितला जातो. बिंदू देणे सोपे असते. नाकारण्यासाठी आकडे हाताशी लागतात, आणि ते मांडून ठाम राहणारे मंडळही लागते. आराखड्याची गुणवत्ता बहुधा याच ठिकाणी कळते.

मोठ्या शहराभोवतीच्या विद्यापीठात बिंदूंचा प्रश्न गर्दीचा असतो. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात तो अंतराचा आहे. नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन २ ऑक्टोबर २०११ रोजी हे विद्यापीठ सुरू झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसे, तेव्हा राज्याची सरासरी ३६५ होती. जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगलाने व्यापलेला. चंद्रपूरची गोष्ट निराळी : कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र, रेल्वे, आणि गडचिरोलीच्या दुपटीहून अधिक लोकसंख्या. निव्वळ विद्यार्थिसंख्येवर बिंदू ठरवले तर ते चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी अशा ठिकाणी एकवटतील आणि भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा हे तालुके कोरे राहतील.

सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरहून दूर, पार तेलंगणाच्या सीमेवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी ‘अमुक किलोमीटरवर महाविद्यालय आहे’ या वाक्याला जुलै-ऑगस्टमध्ये फारसा अर्थ उरत नाही. वसतिगृह नसेल तर मुलगी बारावीनंतर घरी बसते; तेव्हा महाविद्यालयाच्या बिंदूशेजारी वसतिगृहाचाही बिंदू असायला हवा. भाषेचा प्रश्न वेगळाच. घरात माडिया किंवा गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली, आणि वर्गात मराठी.

विद्यापीठाने या भूगोलाला काही वेगळी उत्तरे शोधली. पदवीचे वर्ग गावातच, लोकांच्या सोयीच्या वेळी भरवण्याचा ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम त्यांपैकी एक. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने उभे राहिलेले विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र बांबू आणि इतर वनोपजांवर आधारित उपजीविकेचे काम करते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवल्यापासून जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा जंगलाचा कारभार स्वतः पाहू लागल्या आहेत. त्यांना हिशेब, कायदा आणि वनव्यवस्थापन जाणणारी माणसे लागतात. दुसरीकडे सुरजागडच्या लोहखनिजामुळे तंत्रज्ञांची मागणी वाढते आहे. एकाच आराखड्यात या दोन्ही गरजांना जागा द्यावी लागते. खाणीची गरज कंपनी मांडते, ग्रामसभेची गरज कोणीतरी जाऊन विचारावी लागते. अधिष्ठाता मंडळाने दुसरी तितक्याच गंभीरपणे घेतली पाहिजे.

आराखड्याची खरी मर्यादा मात्र पैशाची आहे. बिंदू विद्यापीठ सुचवते, परवानगी शासन देते, आणि नवी महाविद्यालये दोन दशकांहून अधिक काळ कायम विनाअनुदानित तत्त्वावरच दिली जात आहेत. म्हणजे इमारत, प्रयोगशाळा आणि पगार यांचा भार संस्थेवर, पर्यायाने शुल्कावर पडतो. ज्या दुर्गम तालुक्यासाठी कायद्याने प्राधान्य सांगितले, तिथल्या पालकाला ते शुल्क परवडत नाही. त्यामुळे आराखड्यातला बिंदू वर्षानुवर्षे अर्जाविना पडून राहू शकतो. अनुदानित महाविद्यालयांतही रिक्त पदे भरण्यासाठी शासनाची परवानगी लागते, तोवर तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वर्ग चालवतात. या दोन्ही निर्णयांवर अधिष्ठाता मंडळाचा अधिकार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील सकल नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ते देशात २८.४ आणि महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते. याच धोरणाने प्रत्येक संस्थेने स्वतःचा संस्थात्मक विकास आराखडा करावा असे सुचवले आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनातही नियोजनाला गुण असतात. त्यामुळे आता एकाच विद्यापीठात दोन आराखडे शेजारी शेजारी चालतात : बृहत् आराखडा संलग्न महाविद्यालयांच्या प्रदेशाचा, आणि विकास आराखडा विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचा, संशोधनाचा आणि निधीचा. पहिला अधिसभेत चर्चेला येतो आणि संस्थाचालकांमुळे गाजतो. दुसरा बहुधा समितीच्या बैठकीत तयार होऊन मूल्यांकनाच्या फायलीत जातो. बृहत् आराखडा दरवर्षी अद्ययावत करण्याची मुभा कायद्यात आहे. प्रवेशाचे प्रत्यक्ष आकडे हाती आल्यावर निरुपयोगी बिंदू रद्द करणे आणि नव्याने रस्ता किंवा पूल झालेल्या गावी तो हलवणे त्यातूनच शक्य होते.