ब्लॅकजॅक
पत्त्यांचा एक द्यूतप्रकार. २१ न ओलांडता वाटणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळविणे, हे यातील उद्दिष्ट. राजा, राणी व गुलाम यांचे प्रत्येकी १०, एक्क्याचा १ किंवा ११ व इतर पानांचे अंकांइतके गुण धरतात. वाटणारा १७ होईपर्यंत पाने घेतो. हातात ११ गुणांचा एक्का नसताना, त्याचे उघडे पान २ ते ६ असल्यास १३ गुणांवर थांबावे. ७ ते एक्का असल्यास १७ गाठावेत. मात्र खेळाडूची पाळी आधी असल्याने, दोघांनीही २१ ओलांडले तरी तोच हरतो; म्हणून डावपेचांनी तोटा घटतो, टळत नाही. गोव्यात मांडवी नदीतील तरंगत्या कॅसिनोंत हा खेळ चालतो. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो अधिनियम अंमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला.